मुंबईची दोन हॉटेले

आलिशान हॉटेलांची तुलना लोक भाड्यावरून करतात. लोणारहून मुंबईस गेलो असता मी ती रस्त्यावर उभा राहूनच केली. वडील गवंडी, त्यामुळे माझी नजर आधी भिंतींकडे जाते. वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडहून घडवून आणला. तेथे १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखविली गेली. ते हॉटेल केव्हाच बंद पडले. जमशेटजी टाटांचे ताजमहाल १९०३ साली उघडले, ते आजही चालू आहे. मला तेच सरस वाटले. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. घरी हे अभिमानाने सांगितले. वडिलांनी विचारले, "अन् गवंड्यांची नावं?"

मी वाचलेल्या पुस्तकात ती नव्हती.