थंडीतली फरशी

ठाकुर्लीला थंडी पडते म्हटलं की नाशिककडचे आमचे नातेवाईक हसतात. त्यांचंही बरोबर आहे. तिकडे निफाडला द्राक्षं वाचवायला बागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा आमच्याकडे पारा पंधरा अंशांच्या आसपास घुटमळत असतो. पहाटे खाडीवरचं वारं झोंबतं, दूधवाला मफलर गुंडाळून येतो आणि दुपारी पुन्हा पंखा लागतो. एवढीशी थंडी. तरी माझ्यासारख्या कॅलिपर आणि कुबडीवर चालणाऱ्या माणसाला हे दोन-तीन महिने घरात जपून काढावे लागतात. इथली थंडी कोणाला पाडत नाही. थंडीवर उपाय म्हणून आपण जे जे करतो, ते पाडतं, भाजतं, गुदमरवतं.

मला पोलिओ झाला तो चालायला लागल्यावर लगेच. उजवा पाय तेव्हापासून बारीक. अशा पायात स्नायू कमी, त्यामुळे रक्त नीट खेळत नाही. थंडीत तो निळसर, गार पडतो आणि उरलासुरला जोरही कमी होतो. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. चांगलंच झालं. आमची पिढी मात्र आता पन्नाशी-साठीची आहे, आणि जन्मभर पायांचं काम केलेले खांदे आणि मनगटं कुरकुरू लागली आहेत.

एका जानेवारीत माझं मनगट मोडलं ते खोबरेल तेलामुळे. हे तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून सकाळी बाटली गरम पाण्यात ठेवायची आणि मग मुलांच्या डोक्याला लावायचं, ही घरोघरची रीत. तेल पातळ असताना सांडलं तर चमकतं, कोणीतरी पुसतं. गार टाइलवर मात्र ते बघता बघता परत थिजतं. पांढुरक्या फरशीवर पांढुरका पापुद्रा. उभ्या माणसाला दिसत नाही, बोट फिरवलं तरच कळतं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी रुपयाएवढा असा डाग होता. त्यावर कुबडीचं रबर टेकलं, कुबडी पुढे निघून गेली आणि मी हातावर आले. सून धावत आली. मी उठायला बघत होते, तशी म्हणाली, “आई, उठू नका. आधी बोटं हलवून बघा.” तिचं ऐकलं ते बरं झालं.

चालत्या-फिरत्या माणसाचं मनगट मोडलं तर त्याचा हात अडतो. कुबडीवाल्याचं मोडलं तर चालणंच बंद होतं. हात प्लास्टरमध्ये होता तोवर मी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून पलंगावर, एवढीच. त्या काळात बसल्या बसल्या घराकडे नीट बघितलं आणि मग एकेक गोष्ट बदलून घेतली.

न्हाणीघर

तेल लावायची जागा ठरवून टाका: बाल्कनी किंवा हॉलचा एक कोपरा, खाली जुनं वर्तमानपत्र. दिवाळीच्या अभ्यंगापासूनच हा नियम सुरू करा. तेलकट फरशी नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही. गरम पाणी आणि भांड्याचा साबण लावून घासावी लागते. कुबडीचं, वॉकरचं किंवा काठीचं रबर उलटं करून पाहा. खालच्या खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला असेल तर ते बदला. दुकानात मिळणारी ही सगळ्यात स्वस्त सुरक्षितता आहे.

टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठू नका. ती टॉवेलपुरतीच असते, माणसाच्या वजनाने स्क्रूसकट हातात येते. आधाराची स्टीलची दांडी वेगळी मिळते, ती अँकर बोल्टने, तुमच्या जोराच्या हाताच्या बाजूला बसवा. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा अर्ध्या विटेच्या असतात. तिथे बोल्ट आरपार घेऊन पलीकडून पट्टी लावावी लागते. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं गेली, तेव्हापासून लोक भिंतीला ड्रिल लावायला कचरतात. शंका असेल तर आधी जाणकाराला दाखवा. बीम-कॉलमला हात लावू नका.

दार हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. लहान न्हाणीघराचं दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्या अंगानेच दार अडतं. शक्य असेल तर दार बाहेर उघडणारं करून घ्या. ते जमत नसेल तर बाहेरूनही उघडेल अशी कडी लावा. तेही नको असेल तर आतून कडी लावूच नका. बाहेर दांडीवर एक टॉवेल टाकला की आत कोणी आहे हे घराला कळतं.

गरम पाणी

गॅसच्या गिझरबद्दल एक गोष्ट आमच्यासारख्यांनी जास्त लक्षात ठेवायला हवी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पायांतली ताकद जाते. धडधाकट माणूस पाच-सात मिनिटांत आंघोळ आटोपतो. आम्हाला कॅलिपर काढण्यापासून अर्धा तास लागतो, म्हणजे तेवढा वेळ ती हवा छातीत जाते. वर थंडी म्हणून काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत कागद कोंबलेला! गिझर आणि सिलिंडर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावेत; खिडकी कायम उघडी. आत कोणी बेशुद्ध दिसलं तर दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका.

बादलीत टाकायचा हीटिंग रॉड घरातून काढून टाका. शॉक लागला तर उडी मारून बाजूला होणं आम्हाला जमत नाही. विजेच्या गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भरलेली बादली सरकवू नका. पाइपचा हातशॉवर घ्या आणि पक्क्या, रबरी पायांच्या स्टुलावर बसून आंघोळ करा. साधं प्लास्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर फाकतं.

शेकण्याची पिशवी सगळ्यांना सारखी नाही. पोलिओच्या पायाला जोर नसला तरी स्पर्श कळतो, चटका बसला की आम्ही ओरडतो. अर्धांगवायू, मणक्याची दुखापत किंवा जुना मधुमेह असेल तर पाय भाजला तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. अशांनी पिशवी पायाला लावूच नये. पांघरुणात ठेवून अंथरूण गरम करावं आणि झोपायच्या आधी काढावी.

रात्र आणि पहाट

थंडीत घाम कमी येतो आणि लघवी जास्त होते, म्हणजे रात्री उठणंही वाढतं. त्यासाठी पाणी पिणं तोडू नका. पलंगापासून संडासापर्यंत छोटे दिवे लावा आणि वाटेवरची सैल पायपुसणी उचला. नुसते लोकरीचे मोजे टाइलवर सरकतात. तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे घ्या किंवा घट्ट बसणारी चप्पल घाला. शालीचं टोक कुबडीत अडकतं, त्यापेक्षा स्वेटर बरा. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, तोवर उठायची घाई नको. अंथरुणातच घोटे आणि खांदे हलवा, मग कडेला मिनिटभर बसा आणि मग उभे राहा. सकाळी धुतलेला जिना थंडीत उशिरा वाळतो. सफाईवाल्या मावशींना जरा उशिरा धुवायला सांगितलं तर त्या ऐकतात.

पडल्यावर

फोन गळ्यातल्या पिशवीत हवा. टेबलावरचा फोन जमिनीवरच्या माणसाच्या काय कामाचा? घरच्यांनी काखेत हात घालून ओढून उठवू नये. कंबर किंवा मान दुखत असेल तर हलवूच नका, पांघरूण घालून १०८ ची वाट पाहा. दुखत नसेल तर जवळ जड खुर्ची आणा आणि माणसालाच ठरवू द्या की कुठल्या हातावर भार द्यायचा.

आणि कोणी पडलं की “सांभाळून चालता येत नाही का?” असं त्याला विचारू नका. तो जन्मभर सांभाळूनच चालतो आहे. आधी खाली वाकून फरशीवर बोट फिरवून बघा.