बाराने भागलेली बी

बाळा, तुझा अठ्ठावीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट काल रात्री वाचला. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलास हे तू सांगितलं नसतंस तरी तिसऱ्या ओळीला कळलं असतं. ‘सिंधुदुर्गातील काजू उद्योगाच्या परिदृश्यात परिवर्तन घडवणारा अग्रणी उपक्रम’ असं कुडाळात कोण बोलतं रे? तुझी कटिंग मशिनं दोन आणि कामाला बायका आठ.

मी एआयच्या विरोधात नाही. पूर्वी लोक हेच काम झेरॉक्सवाल्याकडून करून घ्यायचे. त्याच्याकडे एक जुना नमुना असायचा, त्यात नाव-गाव बदलायचं. पिठाच्या गिरणीच्या रिपोर्टात मध्येच कोंबड्यांचं खाद्य आलेलं मी स्वतः वाचलंय. तुझं मशीन त्यापेक्षा हुशार आहे. फक्त त्याने काजू बी कधी हातात घेतलेली नाही. बँकेच्या कर्ज विभागात मी एकतीस वर्षं प्रकरणं वाचली, तेव्हा टेबलाच्या पलीकडून तुझा कागद कसा दिसतो ते सांगते.

आधी पान अकरा. कच्च्या मालाचा तक्ता. वर्षाला ४० टन बी, दर १४० रुपये, म्हणजे ५६ लाख. इथपर्यंत ठीक. पुढे मशीनने त्या ५६ लाखांना बाराने भागलं आणि दर महिन्याला चार लाख सदुसष्ट हजारांची खरेदी दाखवली. किती नीटनेटकं! पण आपल्याकडे बी येते मार्च ते मे. जुलैच्या पावसात तू कुणाच्या दारात बी मागायला जाणार? वर्षभराचा माल तीन महिन्यांत उचलून, वाळवून, गोदामात टाकावा लागतो. म्हणजे मे अखेर तुझे जवळजवळ सगळे ५६ लाख गोणींत अडकलेले असणार. तुझी विक्री ७० लाख धरली तर उलाढालीच्या वीस टक्क्यांच्या नेहमीच्या हिशेबाने खेळतं भांडवल मिळेल १४ लाख. उरलेले कुठून आणणार, हा साहेबाचा पहिला प्रश्न. उत्तर नसेल तर बी कमी घे, कटिंग मशीन एकच चालव, पण रिपोर्टात ते लिही.

विक्री ७० लाख मी धरली. तू ८४ धरलीस. का, ते बघ. मशीनने उतारा धरलाय ३० टक्के. तो त्याने हवेतून काढला नसावा. वेंगुर्ला-७ सारख्या जातींच्या वर्णनात तिसाच्या आसपासचा आकडा दिलेला असतो. पण तुझ्याकडे येणारी बी दहा घरची, गावठी, कुठे भिजलेली, कुठे पोचट. त्या मिसळीतून शंभर किलोला पंचवीस किलो गर निघाला तरी बरं म्हणायचं. आता मांड. तीस टक्क्यांनी १२ टन गर, ७०० रुपयांनी ८४ लाख. पंचवीस टक्क्यांनी १० टन, ७० लाख. बीचा खर्च दोन्हीकडे ५६ लाखच. हातात उरणारे २८ लाख एका फटक्यात १४ वर आले, आणि त्यातून बायकांची मजुरी, वीज, व्याज, पाकिटं अजून जायचीत. वर तुकडा आणि पाकळी अख्ख्या गराच्या दराने जात नाहीत, हे मी सोडूनच दिलंय.

म्हणून उद्याच शंभर किलो बी घे. उकड, वाळव, फोड, साल काढ, ग्रेडिंग कर आणि प्रत्येक टप्प्याला वजन करून वहीत लिही. ती वही मशीनपुढे ठेव. आकडे तुझे, मांडणी त्याची. तुझ्याकडे जो आकडा नाही, तिथे रिकामी जागा सोडायला सांग. नाही सांगितलंस तर ते भरून टाकतं, तेही अगदी ठाम सुरात. २०२५ साली ऑस्ट्रेलियात डेलॉइटने सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले. एआय वापरल्याचं मान्य करून काही पैसे परत द्यावे लागले त्यांना. त्यांच्याकडे परत द्यायला होते.

अनुदानाचं पान तर मुळातून बदल. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, हे त्याने बरोबर लिहिलंय. पण ते १० लाख पहिल्याच महिन्यात रोख आल्यासारखे धरले. ती रक्कम बँकेत तुझ्या कर्जखात्यापोटी वेगळी पडून राहते आणि खातं नीट चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळती होते. तिच्यातून बी विकत घेता येत नाही. शिवाय जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात चालत नाही, तुझ्या मशीनने ती घातलीये. जिल्हा उद्योग केंद्राच्या दुसऱ्या योजनांचे नियम यात मिसळलेत की काय कोण जाणे. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, त्यामुळे कृषी कार्यालयातून चालू मार्गदर्शक सूचनांची पीडीएफ आण, ती त्याला दे आणि म्हण, यातलंच सांग, बाहेरचं नको.

लिहायचं कसं? लिहू नकोस, बोल. फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड कर: धंदा का, बी कुणाकडून, गर कोण घेणार, बुडालं तर काय. मला सांगतोस तसंच, मालवणीत आलं तरी चालेल. ते टाइप करून मशीनला दे आणि सांग, ‘आधी लिहू नकोस, मला काय सांगायचं राहिलंय ते विचार.’ मसुदा झाला की दुसरं काम दे: ‘तू कर्ज विभागातला संशयी अधिकारी आहेस, हे प्रकरण नाकारायची कारणं काढ.’ या कामात ते फार वाकबगार आहे. माझ्या वेळी असतं तर निम्म्या क्वेरी मला काढाव्या लागल्या नसत्या. आधार, पॅन आणि बँकेचं स्टेटमेंट मात्र त्यात टाकू नकोस, आकडे लागतील तेवढेच दे.

पुण्याच्या मिठाईवाल्यापुढे करायचं प्रेझेंटेशनही पाहिलं. बावीस स्लाइड! गाय कावासाकीचा जुना हिशेब आहे, दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीसचा टाइप. तुला सहा पुरतील. त्याला ग्रेड, दर, महिन्याला किती किलो आणि दिवाळीच्या आधी माल वेळेवर येईल का, एवढंच हवंय. आणि ते पहिल्या स्लाइडवरचं एआयचं चित्र आजच काढ. त्यात बी बोंडाच्या वर, देठापाशी लागलीये. आपल्या खळ्यात बी वाळत घातलीये त्याचा फोटो लाव, कडेला आजीची चप्पल दिसली तरी हरकत नाही.

बँकेत जाताना अख्खा, पाकळी आणि तुकडा अशा तीन छोट्या पिशव्या ने, वर वजन आणि दर लिहून. भेट म्हणून नव्हे, टेबलावर ठेवून परत आणायच्या. नवा रिपोर्ट रविवारपर्यंत मला पाठव, आणि नुसती पीडीएफ नको, एक्सेलसुद्धा. पान अकरा मी आधी उघडणार आहे.