पुन्हा तीच आठ दारे

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९८८ साली ‘रॉकमन २’ हा व्हिडिओ गेम काढला. इतर देशांत तो ‘मेगा मॅन २’ या नावाने ओळखला जातो. डॉक्टर वायली नावाच्या दुष्ट शास्त्रज्ञाने आठ यंत्रमानव उभे केले आहेत. निळ्या चिलखतातील नायकाने त्यांना एकेक करून गाठावयाचे, हरवावयाचे, त्यांची शस्त्रे मिळवावयाची आणि मग वायलीच्या किल्ल्यावर चालून जावयाचे, असा हा खेळ.

आठही जण हरले की खेळाडूला वाटते, आता उरला एकटा वायली. परंतु किल्ल्याच्या पाचव्या टप्प्यात एक दालन लागते. तेथे आठ दारे असतात आणि प्रत्येक दारापलीकडे तोच जुना शत्रू पुन्हा उभा! या आठांना दुसऱ्यांदा लोळविल्यावाचून वायलीच्या अजस्र यंत्राशी गाठ पडत नाही. तेथे खेळाडूचे सारे जीव संपले, तर टप्पा मुळापासून सुरू होतो आणि पुन्हा तीच आठ दारे!

खेळाडू चिडतो तो येथे. ज्याने हरविले त्याचे डावपेच पाहावयास मिळतात घटकाभर. आणि तेवढ्यासाठी ज्यांच्याकडून शिकण्यासारखे काही उरले नाही, अशा आठांशी झुंजावे लागते. मन उतावीळ होते आणि उतावळा खेळाडू किरकोळ शत्रूकडूनच मार खातो. या चिडण्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. तबल्याचा कठीण बोल बसत नसेल, तर गुरुजी तेवढाच बोल घोटून घेतात. दर चुकीला सारा कायदा आरंभापासून वाजवावयास लावीत नाहीत.

या खेळाच्या कॅसेटमध्ये प्रगती साठविण्याची सोय नव्हती. पंचवीस चौकटींच्या जाळीत ठिपके मांडून परवलीची खूण मिळे. ती कागदावर उतरवून घ्यावयाची. कोणते यंत्रमानव हरले, हे त्या खुणेत सामावे. किल्ल्यात किती मजल मारली, हे मात्र नाही. तथापि चालू खेळातही आठ दारांची सक्ती होती, ती खेळ रचणाऱ्यांचीच.

त्या सक्तीत गंमतही आहे. पहिल्या भेटीत दमविणारा मेटल मॅन दुसऱ्या भेटीत त्याच्याच धारदार चक्राच्या एकदोन घावांत गारद होतो! पण ही गंमत पहिल्या खेपेची. पाचव्या खेपेस तिचेही हसू येत नाही.

पुढे २०१५ साली या मालिकेचे पहिले सहा खेळ एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत हवे तेथे थांबून खेळाची स्थिती साठविता येते. आठवा शत्रू पडताच ती साठविली, की वायलीच्या यंत्राशी हवे तितक्या वेळा लढता येते.