सगळे उपाय थकल्यावर संत ज्यूड

प्रश्न : आमच्या ऑफिसात एक कॅथलिक सहकारी आहेत. मुलाच्या मोठ्या ऑपरेशनआधी त्यांनी नऊ दिवस संत ज्यूड यांची प्रार्थना केली. ‘जिथे सगळे हात टेकतात, तिथे हे धावून येतात,’ असे त्या म्हणाल्या. त्यांनी मलाही प्रार्थनेचे एक पत्रक दिले. त्याच्या नऊ प्रती काढून चर्चमध्ये ठेवायच्या, नाहीतर फळ मिळत नाही, असे त्यावर छापले आहे. एखाद्या संताकडे ‘हताश प्रसंग’ हे खाते येते तरी कसे? हा आपल्या नवसासारखाच प्रकार का? आणि त्या प्रती मी काढाव्यात का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खात्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याचे उदाहरण तुमच्या शहरातच आहे. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य चर्च संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे आहे. जालना रोडवरच्या शाळेमुळे हे नाव शहरात सगळ्यांच्याच तोंडी आहे. हे गृहस्थ सतराव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाचे बिशप होते. त्याआधी तरुणपणी ते आल्प्सच्या पायथ्याच्या एका भागात धर्मकार्य करत. लोक प्रवचनाला फिरकेनात, तेव्हा आपले म्हणणे कागदावर उतरवून ते कागद त्यांनी घरोघरी दाराखालून आत सरकवले. म्हणून १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवले. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ फ्रान्समधल्या ॲनसी गावचा, १८३८ सालचा. त्याच संघाचे फ्रेंच धर्मगुरू निजामाच्या काळात वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांत आले आणि हे नाव इथे रुजले. बहुतेक संतांची खाती अशीच त्यांच्या आयुष्यातून किंवा मरणातून आलेली असतात.

संत ज्यूड यांचे मात्र तसे नाही. येशूच्या बारा प्रेषितांपैकी ते एक, पण त्यांच्याविषयी बायबलमध्ये जवळजवळ काहीच नाही. मत्तय आणि मार्क त्यांना तद्दय म्हणतात, लूक यहूदा म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात ते एकदाच बोलतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री ते येशूला विचारतात, तू स्वतःला आम्हालाच प्रकट करणार आणि जगाला नाही, हे कसे? बस, एवढेच. त्यांच्या नावावर नव्या करारात पंचवीस ओव्यांचे एक पत्र आहे, पण ते त्यांनीच लिहिले का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढे मेसोपोटेमिया आणि इराणात धर्मप्रसार करताना, सिमोन या प्रेषिताबरोबर ते हुतात्मा झाले, अशी परंपरा आहे. म्हणून २८ ऑक्टोबरला दोघांचा सण एकत्र असतो. मूर्तीत त्यांच्या डोक्यावर अग्नीची ज्योत आणि छातीवर येशूच्या मुखाचे पदक असते. त्यावरून ते चटकन ओळखू येतात.

मग हताशांचे खाते कुठून आले? भाविक सांगतात ते असे. तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा यहूदा आणि हे यहूदा, नाव एकच. चुकून त्या विश्वासघातक्याचे नाव तोंडी येईल या धास्तीने शतकानुशतके कोणी यांची प्रार्थनाच करेना. त्यामुळे जो कोणी अखेरीस यांच्याकडे येईल, त्याच्यासाठी ते जिवाचे रान करतात. ही कथा मला फार आवडते. चांगल्या माणसाला दुसऱ्याच्या नावाचा डाग सोसावा लागला आणि त्याने त्यातून कडवटपणा न घेता माया घेतली, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दुःख कळत होते. पण ही कथाच आहे, तिला पुरावा नाही.

पुरावा आहे तो १९२९ सालचा, शिकागोचा. शहराच्या दक्षिण टोकाला पोलादाचे कारखाने होते आणि तिथे मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची वस्ती होती. त्या वस्तीतल्या ग्वादालुपे माउलीच्या चर्चमध्ये फादर जेम्स टोर्ट नावाच्या धर्मगुरूंनी त्या वर्षी फेब्रुवारीत संत ज्यूड यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली. कामे सुटत होती, घरभाडे थकत होते. ज्यूड यांची मूर्ती आधी कमी मानाच्या जागी होती. लोकांची रीघ पाहून ती पुढे आणली, असे सांगतात. त्या ऑक्टोबरच्या सणाला चर्च ओसंडून वाहत होते आणि नेमक्या त्याच दिवसांत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुढच्या मंदीत ही भक्ती सगळ्या अमेरिकेत पसरली. १९३५ पासून त्या देवस्थानाचे मासिकच निघू लागले. रॉबर्ट ऑर्सी या इतिहासकाराने या भक्तीवर पुस्तक लिहिले आहे. भक्तांत बहुसंख्य बायका होत्या, स्थलांतरित मजुरांच्या मुली, असे तो दाखवतो. आजारी मूल, दारू पिणारा नवरा, बेकार भाऊ, सगळ्यांचा भार त्यांच्यावर, आणि ऐकून घ्यायला कोणी नाही. त्या या संताला पत्रे लिहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. हे खाते कोणा पोपनी वाटून दिलेले नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायांनी ते आपल्या हाताने तयार केले.

आता नवसाचे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे संत स्वतः काही देत नाही. तो देवाजवळ आपल्यासाठी शब्द टाकतो, मध्यस्थी करतो. तेव्हा व्यवहार देवाशी, संत वकील. (शहरातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना हेही मान्य नाही, त्या संतांची प्रार्थना करत नाहीत. त्यामुळे सगळ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना एकाच मापाने मोजू नका.) तत्त्व असे असले, तरी माणसे नवस बोलतातच आणि त्यात कमीपणा नाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. मराठवाड्यातून तिथे जाणारी कॅथलिक कुटुंबे ‘नवस फेडायला चाललो’ असेच म्हणतात. ज्यूड यांच्या बाबतीत नवस फेडण्याची रीत मात्र वेगळी आहे. त्यांचे जाहीर आभार मानायचे असतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘संत ज्यूड, आभार’ एवढ्याच ओळी आणि खाली नुसती आद्याक्षरे दिसतात, ती त्यापायी.

सगळ्यात मोठा फेडलेला नवस बघायचा तर डॅनी थॉमस या अमेरिकन नटाचा. हातात काम नसताना त्याने ज्यूड यांना शब्द दिला होता की, मला वाट दाखव, मी तुझे देवस्थान बांधीन. बांधले ते लहान मुलांचे रुग्णालय, १९६२ साली मेम्फिसमध्ये. कर्करोग झालेल्या मुलांच्या पालकांना तिथे उपचाराचे बिल येत नाही. मुंबईतही याच संताच्या नावाने २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था काम करते. परळच्या टाटा रुग्णालयात मुलाला घेऊन आलेल्या बाहेरगावच्या आईबापांना ती मोफत राहायला खोली देते, जात-धर्म न विचारता. पोराला केमो चालू आणि रात्र फुटपाथवर, ही पाळी अनेक कुटुंबांवर आलेली आहे. मराठवाड्यातून टाटाला जाणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करावी.

भारतातले ज्यूड यांचे सर्वात नावाजलेले स्थान झाशीला आहे. २८ ऑक्टोबरला तिथे दुरून यात्रेकरू येतात आणि त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस तुमच्या शहरातून थेट झाशीला नेते. मुंबईत कुर्ला-अंधेरी रस्त्यावर जरीमरीला त्यांच्या नावाचे चर्च आहे.

राहिले पत्रक. प्रती काढू नका. ‘नऊ प्रती ठेवा, नाहीतर फळ नाही’ ही अट कोणीतरी घुसडलेली असते. हीच साखळी आता व्हॉट्सॲपवर फिरते. कॅथलिक धर्मगुरू स्वतःच तिला अंधश्रद्धा म्हणतात आणि बाकांवर सापडलेले असे गठ्ठे उचलून टाकतात. नोव्हेनेला फक्त नऊ दिवस आणि प्रार्थना लागते. तिचा नमुनाही बायबलमधलाच आहे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत मरिया आणि प्रेषितांनी मिळून प्रार्थना केली, ते दिवस नऊ. भीती घालून करवून घेतलेली प्रार्थना ज्यूड यांच्या त्या प्रेमळ कथेशीही विसंगत आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी पत्रक दिले ते आपुलकीने, तेव्हा ते जपून ठेवा आणि नऊ झेरॉक्सचे पैसे मुलाच्या फळांवर खर्च करा.

कधी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जावेसे वाटले तर खुशाल जा. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, कोणालाही बसता येते. फक्त कम्युनियनच्या रांगेत उभे राहू नका. तो कॅथलिकांचा संस्कार आहे, देवळातल्यासारखा सर्वांना वाटायचा प्रसाद नव्हे. तेवढा वेळ जागेवर बसून राहिलात तरी कोणाला वावगे वाटत नाही.