जन्मदात्या आईचा शोध : भावंडांनी काय करावे?



घरभेटीला गेल्यावर कधी कधी चहा झाल्यानंतर एक प्रश्न हळू आवाजात पुढे येतो. "फादर, आमच्या धाकट्याला ठाऊक आहे की त्याला दत्तक घेतलंय. आता त्याला जन्म देणारी आई बघायचीय. आम्ही त्याला मदत करावी का? मम्मी-पप्पांना काय वाटेल?" हा प्रश्न बहुधा दत्तक मूल स्वतः विचारत नाही, त्याचे भाऊ-बहीण विचारतात. म्हणून या रविवारी आपण त्या भावंडांसाठीच हा विषय अभ्यासाला घेत आहोत.

१. शोध घेणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे

प्रथम एक गोष्ट पक्की करू. कायदेशीर दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल होय, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो (कॅनन ११०). ते सावत्र नाही की परकेही नाही. जन्मदाती आई सापडली तरी या नात्यात तिळभरही फरक पडत नाही.

मग शोध कशाला? कारण "मी कोणाचा?" आणि "मी कोठून आलो?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर घराने प्रेमाने दिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घराकडे बहुधा नसतेच. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील सातवे कलम मुलाला शक्य तेथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा हक्क देते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला आहे.

या प्रश्नाला व्यवहाराचीही बाजू आहे. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला शुगर आहे का?" आणि दत्तक मुलाला गप्प राहावे लागते. विवाहाचेही तसेच. रक्ताच्या आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत-मामे भावंडांपर्यंत, विवाहाला अडथळा येतो (कॅनन १०९१). दत्तक भावंडांचा आपसात विवाह होऊ शकत नाही (कॅनन १०९४). आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी असल्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

२. गुपित वेगळे, खोटे वेगळे

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक भेद शिकवतात तो येथे उपयोगी पडतो. ज्याला जे जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापासून ते राखून ठेवणे म्हणजे गुपित. ज्याला हक्क आहे त्यालाच फसवणे म्हणजे खोटे. शेजाऱ्याला "हा मुलगा कोठून आणला?" याचे उत्तर देण्यास घर बांधील नाही. तेथे मौन योग्य आहे. पण तोच मुलगा जाणता होऊन विचारतो तेव्हा "असे काही नाही" म्हणणे योग्य नाही. त्याला कोणाच्या तरी लग्नात दूरच्या मावशीच्या तोंडून कळले, तर जखम दत्तक असण्याची होत नाही, फसवले गेल्याची होते.

म्हणून भावंडाचे पहिले काम आईवडिलांशी बोलण्याचे आहे. त्यांना भीती असते ती मूल हातचे जाण्याची. "तो जाणार नाही. तो विचारतोय, कारण त्याला या घरात विचारण्याइतका विश्वास वाटतो," हे वाक्य भावाबहिणीच्या तोंडून आले तर आईवडील ऐकतात.

३. मोशेची बहीण

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपल्याला पाठ आहे. टोपलीतले बाळ नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलेले आहे आणि त्याची बहीण दूर उभी राहून पाहते आहे. फारोच्या मुलीला बाळ सापडते. बहिणीला सर्व ठाऊक आहे. तरी ती "हा माझा भाऊ, आणि ती पाहा आमची आई" असे ओरडत नाही. तसे केले असते तर घात झाला असता. ती जवळ जाऊन फक्त विचारते : बाळाला पाजायला एखादी इब्री दाई बोलावू का? परवानगी मिळाल्यावरच ती आईला घेऊन येते.

या मुलीने दोन्ही आयांचा मान राखला आणि एकीचेही गुपित फोडले नाही. शोधात मदत करणाऱ्या प्रत्येक भावंडाने तिचे ते "विचारणे" शिकून घ्यावे.

४. दोन हक्क समोरासमोर

एका बाजूला मुलाचा जाणण्याचा हक्क आहे. दुसऱ्या बाजूला त्या स्त्रीचा हक्क आहे, जिने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मूल सोपवले. ती आज कोठेतरी कोणाची सासू असेल, आजी असेल. तिच्या घरी त्या बाळंतपणाविषयी कोणाला माहीतही नसेल.

तिने मूल का सोडले याचा निवाडा करण्याची घाई आपण करू नये. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीत बाळंत झालेल्या, पुन्हा कोयता हाती घेतलेल्या बाया आपल्यातल्याच आहेत. कोणी कुमारी असताना फसली, कोणी विधवा होती, कोणाच्या पदरी आधीच मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात इतक्या मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या, तेथे एखादीने मुलगी जन्माला घातली आणि ती जगावी म्हणून दुसऱ्याच्या ओटीत दिली, तर तिला कठोर म्हणण्याआधी आपण थांबले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे असे की जाणणे हा हक्क आहे, पण नाते हे दान आहे. हक्क मागता येतो, दान मागून घेता येत नाही. मुलाला आपली कहाणी कळावी यासाठी आग्रह धरावा. आईने भेटलेच पाहिजे असा आग्रह धरू नये.

५. कायदा काय म्हणतो?

देशाचा कायदाही याच वाटेने चालतो. दत्तक नियमावली २०२२ मध्ये 'रूट सर्च', म्हणजे मुळांच्या शोधाची तरतूद आहे. तिचा सारांश असा :

• अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, ऑनलाइन अर्ज करू शकते. अठराच्या आतील मुलाने दत्तक आईवडिलांसह अर्ज करायचा असतो.

• मूल सोपवताना आईने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल तर तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले एवढे सांगितले जाते.

• मूल बेवारस सापडलेले असेल तर ते संस्थेत कोठून व कसे आले आणि दत्तकविधान कसे झाले, ही माहिती मिळू शकते.

• तिसऱ्या व्यक्तीला असा शोध घेता येत नाही. भाऊ किंवा बहीण येथे तिसरीच व्यक्ती ठरते. तुम्ही अर्जदार नाही, सोबती आहात.

ही वाट नेहमी सोपी नसते. १९७३ साली पुण्यात जन्मून जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांना आपल्या आईविषयीची कागदपत्रे मिळवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालय आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अनेक वर्षांनी त्यांना आई भेटली. इतर दत्तक मुलांच्या शोधातही ते मदत करू लागले.

६. कागद कोठे असतील?

कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली आपल्या मराठवाड्यात निजामकाळापासूनची दप्तरे उघडली गेली. जुना कागद किती बोलतो हे आपण तेव्हा पाहिले. दत्तकाचे कागद मात्र काळाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

पूर्वी ख्रिस्ती कुटुंबांसाठी दत्तकाचा स्वतंत्र कायदा नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. म्हणून आपले लोक १८९० च्या कायद्याखाली न्यायालयातून फक्त पालकत्व घेत. अशा कुटुंबांनी न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश शोधावा. बालन्याय कायद्याने पुढे सर्व धर्मीयांना दत्तकाची वाट मोकळी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती स्पष्ट केली. या वाटेने झालेल्या दत्तकाची फाइल दत्तक संस्थेकडे असते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि बाल कल्याण समितीकडेही विचारावे.

आपल्या चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीतही दत्तकाची नोंद असते (कॅनन ५३५). ज्याची नोंद असेल त्याने स्वतः कार्यालयात यावे. दुसऱ्या कोणालाही, मग तो घरचा का असेना, ती नोंद आम्ही दाखवणार नाही.

७. भावंडांनी हे करावे, हे टाळावे

करावे : घरातले जुने कागद, फोटो, पावत्या एकत्र करावेत. आईवडिलांना जे आठवते ते त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे. अर्ज भरताना शेजारी बसावे, कार्यालयात सोबत जावे. उत्तर यायला महिने लागतात, त्या काळात भावाला एकटे सोडू नये. "मिळाले नाही" हे उत्तर येईल त्या दिवशी घरीच असावे.

टाळावे : नाव-गाव कळले म्हणून त्या गावच्या पारावर किंवा मुकादमाकडे चौकशी करू नये. आपली एक चौकशी त्या बाईचा उतारवयातला संसार मोडू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवू नयेत. पैसे घेऊन 'शोधून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. आणि शोध घ्यायचा की नाही, केव्हा थांबायचे, हे भावासाठी आपण ठरवू नये.

शोधाअंती तीन गोष्टी घडू शकतात : आई भेटेल, भेटायला नकार देईल, किंवा सापडणारच नाही. तिन्ही वेळी दत्तक मुलाला परत यायला एक घर लागते. ते घर उघडे ठेवणे हे भावंडांचे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्याला कोणताही अर्ज लागत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या घरात किंवा नात्यात असा एखादा प्रश्न कोणी गिळून बसले आहे का?

२. दत्तक मुलांविषयी आपण गावात, वस्तीत कोणते शब्द वापरतो? ते त्यांनी ऐकले तर त्यांना काय वाटेल?

३. मोशेच्या बहिणीप्रमाणे आधी विचारून, मग पाऊल उचलण्याची सवय आपल्याला आहे का?

ज्या मातांनी मूल सोपवले आणि ज्या मातांनी ते वाढवले, त्या दोघींसाठी या आठवड्याच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक 'नमो मरिया' जरूर म्हणावी.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू