शब्दपरिचय : 'पीव्ह' म्हणजे राग नव्हे



आपल्या घरांत आज तीन भाषा नांदतात: आजीची मराठी, मुलांची हिब्रू आणि नातवंडांच्या शाळेतली इंग्रजी. शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात, पण त्यांचे वजन बरोबर जातेच असे नाही. म्हणून या खेपेस आम्ही एक लहानसा इंग्रजी शब्द घेतला आहे. तो म्हणजे 'पीव्ह'.

उच्चार करताना 'पी' लांबवावा. नाम म्हणून त्याचा अर्थ क्षुल्लक कारणाने येणारा वैताग, किंवा तो वैताग आणणारी गोष्ट. क्रियापद म्हणून अर्थ वैताग आणणे. 'पीव्ड' म्हणजे वैतागलेला.

या शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. आधी होता 'पीव्हिश', म्हणजे चिडका, किरकिरा. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो. त्याचे शेपूट कापून विसाव्या शतकाच्या आरंभी 'पीव्ह' तयार झाला. 'एडिटर' वरून 'एडिट' झाला, तसाच हा प्रकार.

बोलण्यात तो बहुधा 'पेट पीव्ह' या जोडीने येतो. 'पेट' म्हणजे पाळीव प्राणी, पण येथे कुत्र्यामांजराचा काही संबंध नाही. येथे 'पेट' म्हणजे खास, लाडका. प्रत्येकाने आपापली एक चीड जणू घरात पाळून पोसलेली असते. कोणाला चहा फुरके मारून प्यायलेला खपत नाही, कोणाला दार आपटलेले, तर कोणाला बसच्या रांगेत मध्येच घुसणारे. हे सारे 'पेट पीव्ह'. अमेरिकेत हा प्रयोग रूढ आहे. इंग्लंडात त्याच अर्थी 'पेट हेट' असेही म्हणतात.

वाक्ये पाहा:
'स्लॅमिंग डोअर्स इज माय पेट पीव्ह.' दार आपटलेले मला मुळीच खपत नाही.
'शी वॉज पीव्ड अबाउट द लेट बस.' बस उशिरा आल्याने ती वैतागली होती.

हा शब्द बोलण्यातला आहे. कचेरीला तक्रार लिहिताना तो वापरू नये. तेथे 'कम्प्लेंट' हाच शब्द योग्य. तसेच 'पीक' या शब्दाशी त्याची गल्लत करू नये. 'पीक' म्हणजे मान दुखावल्याने आलेला रुसवा. लग्नात मानपान चुकला म्हणून काका फुगून बसले, तर तो 'पीक'. पंखा खडखडतो म्हणून ते कुरकुरले, तर तो 'पीव्ह'.

आता वजनाची गोष्ट. हिब्रूत आपली मुले ऊठसूट 'मेअत्सबेन' म्हणतात. मज्जातंतूंवरून आलेला तो शब्द लहान कटकटीलाही चालतो आणि मोठ्या संतापालाही. 'पीव्ह' मात्र लहान कटकटीलाच चालतो. त्यामुळे मोठ्या दुःखाला 'पीव्ह' म्हटले, तर ते दुःख हलके केल्यासारखे होते. 1962 साली लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या वंशाविषयी शंका घेतली गेली. आपल्या लोकांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये केनेसेटने आपण सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले. ती 'ग्रिव्हन्स' होती, म्हणजे अन्यायाविरुद्धचे गाऱ्हाणे. तिला कोणी 'पीव्ह' म्हणू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे.

उलट बाजूही तितकीच खरी. परदेशात वाढलेली सून हसत म्हणते, 'उघडे राहिलेले डबे हा माझा पेट पीव्ह आहे.' सासूबाईंना वाटते, हिला माझ्या स्वयंपाकघराचा तिटकारा आहे! मग आठवडाभर अबोला. वास्तविक सुनेने एवढेच सांगितले, की ही माझी छोटीशी चीड आहे, तेवढी सांभाळून घ्या. 'पेट' या शब्दात स्वतःवरचे थोडे हसूही असते. ते ऐकू आले, तर निम्मी भांडणे उंबऱ्याबाहेरच राहतील.

स्वाध्याय : खालील प्रसंगी 'पीव्हिश', 'पेट पीव्ह' व 'ग्रिव्हन्स' यांपैकी योग्य शब्द योजा.
1. झोप न झाल्याने बाळ किरकिरे झाले आहे.
2. सारखे काम करूनही पगार कमी मिळतो, म्हणून कामगार दाद मागतात.
3. टूथपेस्टचे झाकण न लावणारे आजोबांना खपत नाहीत.

उत्तरे : 1. पीव्हिश. 2. ग्रिव्हन्स. 3. पेट पीव्ह.

घरातल्या मुलांनाही हा स्वाध्याय द्यावा, आणि प्रत्येकाचा 'पेट पीव्ह' कोणता ते जेवताना विचारावे.