परदेशी जाताना औषधाचे खरे नाव

घरातले कोणी दुबईला वा सौदीला नोकरीस निघाले की आई पिशवीत लाडू, मसाला आणि गोळ्यांची एखादी पट्टी घालते. ती पट्टी आधी नीट वाचावी.

युरियाच्या पोत्यावर विक्रीचे नाव मोठे असते. पण पिकाला काय मिळणार ते ‘नत्र ४६ टक्के’ या अक्षरांवरून कळते. औषधाचेही तसेच. क्रोसिन हे कंपनीने दिलेले विक्रीचे नाव, पॅरासिटामॉल हे औषधाचे. परक्या देशातील डॉक्टरांना हे दुसरे नाव सांगावे. (अमेरिकेत मात्र त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात!) रोजच्या गोळ्यांची अशी नावे व प्रमाण डॉक्टरांकडून इंग्रजीत, सहीशिक्क्यासह लिहून घ्यावे.

‘कंट्रोल्ड’ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगू नये असे औषध. दुखण्यावरचे ट्रामाडोल आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन अमिरातीत त्यांत मोडतात. तिथल्या सरकारची परवानगी निघण्यापूर्वीच काढावी. आपल्याकडेही २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आणि लाडवातली खसखस? तीही तिथे बंद. हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला हसू आले होते. पण तिथे त्यासाठी तुरुंगही होऊ शकतो.

व्हिसाच्या तपासणीत ‘अनफिट’ लिहून आले की घरात रडारड होते. त्याचा अर्थ एवढाच की त्या देशाच्या नियमात माणूस बसला नाही. छातीच्या फोटोत क्षयाचा जुना, बरा झालेला डाग दिसला तरी असे होते. अहवाल मागून घ्यावा व आपल्या डॉक्टरांना दाखवावा. क्षय खरोखरच निघाला, तर सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते.